आजीच्या घरचं पाणी 'घाण' नसतं

जून जवळ आला की आखातातल्या मराठी घरांत माळ्यावरच्या बॅगा खाली येतात. आजीसाठी खजूर, काकांसाठी परफ्यूम, शेजाऱ्यांसाठी चॉकलेटं, आणि त्याबरोबर मुलांसाठी सूचनांची यादी. नळाचं पाणी प्यायचं नाही. बर्फाचा गोळा नाही. पाणीपुरी तर नावही काढायचं नाही. ब्रश करतानासुद्धा चूळ बाटलीतल्याच पाण्याने भरायची.

सूचना चुकीच्या आहेत असं मी म्हणत नाही. दोन-तीन आठवड्यांच्या सुट्टीत मूल आजारी पडलं तर सगळ्यांचेच हाल होतात. अडचण अशी आहे की या सूचनांना आपण कारण जोडत नाही. कारण सांगितलं नाही की मुलं स्वतःचं कारण तयार करतात, आणि ते फार सोपं असतं: तिकडचं पाणी घाण आहे. पुढची पायरी तिकडचं घर घाण, आणि त्याच्या पुढची पायरी मी इथे लिहीत नाही, ती सगळ्यांना कळते.

मी मस्कतमध्ये प्राथमिक वर्गांना विज्ञान शिकवते. पाण्याचा धडा दर वर्षी येतो आणि दर वर्षी मी सुरुवातीला विचारते, 'आपल्या घरात पाणी कुठून येतं?' उत्तरं ठरलेली असतात. टाकीतून, टँकरमधून, सुपरमार्केटमधून. समुद्रातून येतं हे सांगणारं मूल क्वचित सापडतं, जरी समुद्र शाळेपासून दहा मिनिटांवर असला तरी. एका वर्षी एका मुलीने अगदी खात्रीने सांगितलं, 'ओमानचं वॉटर प्युअर असतं आणि इंडियाचं डर्टी.' वर्गातल्या निम्म्या मुलांनी माना डोलावल्या. सगळी आपलीच मुलं होती.

त्या मुलीला मी दोष देत नाही. तिला घरात जे ऐकू आलं तेच ती बोलली. पण मला वाटतं, पाणी शुद्ध होतं म्हणजे नेमकं काय होतं हे आपण मुलांना नीट सांगितलं तर हे वाक्य त्यांच्या तोंडी येणार नाही. आणि ते सांगायला विज्ञानाची पदवी लागत नाही. आपलं स्वयंपाकघर पुरतं.

मुलांना मी आधी एवढंच सांगते की पाण्यात नको असलेल्या गोष्टी तीन प्रकारच्या असतात. एक, डोळ्यांना दिसणाऱ्या: माती, गाळ, काडीकचरा. दोन, न दिसणाऱ्या पण जिवंत: जंतू. तीन, न दिसणाऱ्या आणि निर्जीव, पाण्यात विरघळून गेलेल्या: मीठ आणि इतर क्षार. तिघांना बाहेर काढायचे उपाय वेगळे आहेत. गाळ गाळून जातो, जंतू उकळून किंवा औषधाने मरतात, पण विरघळलेलं मीठ गाळूनही जात नाही आणि उकळूनही जात नाही. पाणी उकळत ठेवलं तर उलट ते आणखी खारट होतं. एवढं एक कोष्टक मुलांच्या डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं होतं.

यातली सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे न दिसणाऱ्या जंतूंवर विश्वास बसणं. स्वच्छ दिसतं ते शुद्ध, असं मुलांनाच काय, मोठ्यांनाही वाटतं. तिथे मी लंडनची गोष्ट सांगते. १८५४ मध्ये तिथल्या ब्रॉड स्ट्रीट भागात कॉलऱ्याची साथ आली. डॉ. जॉन स्नो यांनी घरोघरी चौकशी करून साथीचं मूळ एका हातपंपात असल्याचं दाखवलं. त्या पंपाचं पाणी दिसायला वाईट नव्हतं. एका बाईंना तर त्याची चव इतकी आवडायची की दुसऱ्या भागात राहायला गेल्यावरही त्या तिथलंच पाणी मागवून घ्यायच्या. त्याही कॉलऱ्याने गेल्या. मुलं ही गोष्ट विसरत नाहीत. आणि ही गोष्ट लंडनची आहे, हेही त्यांच्या लक्षात राहतं. दूषित पाणी ही कोणा एका देशाची मक्तेदारी कधीच नव्हती.

आता आपल्या इथल्या पाण्याकडे येते. ओमानमध्ये बारमाही वाहणारी मोठी नदी नाही. मस्कतच्या नळाला येणारं बहुतेक पाणी समुद्राचं असतं. १९७६ मध्ये घुब्राला खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करणारं केंद्र सुरू झालं. आता घुब्रा, बरका, कुरियात अशा किनाऱ्यावरच्या ठिकाणी मोठी केंद्रं आहेत. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, म्हणजे पोह्याच्या चमच्याने सात-आठ सपाट चमचे. ते बाहेर काढायचे दोन मार्ग.

पहिला मार्ग आपल्या आया रोज वापरायच्या. भाजी वाफेवर शिजवायची असली की कढईवर ताट झाकून ताटात पाणी ओततात. आतली वाफ वर जाते, ताटाच्या गार तळाला लागते, तिचं पुन्हा पाणी होतं आणि थेंब खाली पडतात. भाजी करपत नाही. आता भाजीच्या जागी समुद्राचं पाणी आहे असं समजा. वाफ होते ती फक्त पाण्याची, मीठ खालीच राहतं. ताटाखाली जमलेले थेंब गोळा केले की झालं गोडं पाणी. आखातातली जुनी केंद्रं याच तत्त्वावर चालायची, काही अजूनही चालतात. फक्त कढई कारखान्याएवढी असते आणि खाली नैसर्गिक वायू जळत असतो.

दुसरा मार्ग आरओचा. तो समजवायला मी काकडी घेते. कोशिंबिरीसाठी काकडी चोचवून तिला मीठ लावलं की थोड्या वेळाने पाणी सुटतं. का सुटतं? काकडीच्या पेशींभोवती पातळसा पडदा असतो, त्यातून पाणी जाऊ शकतं. पाण्याचा स्वभाव असा की ते कमी खाऱ्या बाजूकडून जास्त खाऱ्या बाजूकडे जातं. म्हणून काकडीतलं पाणी बाहेरच्या मिठाकडे धावतं. मनुका पाण्यात टाकली की फुगते तीही यामुळेच. तिथे आतली साखर पाण्याला ओढून घेते. आरओमध्ये आपण पाण्याला त्याच्या स्वभावाच्या उलट दिशेने जायला लावतो. पडद्याच्या एका बाजूला खारं पाणी भरायचं आणि इतक्या जोराने दाबायचं की मीठ मागे राहील आणि पाणी पलीकडे जाईल. हा जोर किती? आपल्या गाडीच्या टायरमध्ये जेवढा दाब असतो त्याच्या पंचवीस-तीस पट. म्हणूनच याला वीज लागते. समुद्राचं हजार लिटर गोडं पाणी करायला साधारण तीन ते चार युनिट.

इथे मुलं हमखास विचारतात, 'मग उरलेलं मीठ कुठे जातं?' चांगला प्रश्न आहे. समुद्रातून घेतलेल्या पाण्यापैकी निम्म्याहून कमी पाणी गोडं होतं. बाकीचं, आणखी खारट झालेलं, परत समुद्रात सोडतात. म्हणजे आपण पितो त्या प्रत्येक पेल्यामागे समुद्राने काहीतरी सोसलेलं असतं. आणखी एक गंमत त्यांना आवडते. असं तयार झालेलं पाणी इतकं 'रिकामं' असतं की ते चवीला बेचव लागतं आणि लोखंडी पाइप खाऊ लागतं. म्हणून त्यात पुन्हा मोजून चुन्यासारखे क्षार मिसळावे लागतात. अति शुद्ध पाणी चांगलंच, असंही नसतं.

आणि हे पाणी कायमचं हक्काचं आहे असंही नाही. जून २००७ मध्ये गोनू चक्रीवादळ आलं तेव्हा मस्कतला पाणी पुरवणारी केंद्रं बंद पडली आणि शहरात पाण्यासाठी रांगा लागल्या. २००८-०९ मध्ये आखाताच्या आणि ओमानच्या किनाऱ्यावर सूक्ष्म शेवाळाची इतकी दाट लाट आली की समुद्र लालसर झाला आणि काही केंद्रं थांबवावी लागली. ज्याला आपण 'इथलं प्युअर वॉटर' म्हणतो ते वायू, वीज, यंत्रं आणि रात्रपाळी करणारी माणसं यांच्या जिवावर दिवसाचे चोवीस तास तयार होतं. ते या भूमीच्या अंगचं पावित्र्य नाही.

आता आजीच्या घरच्या पाण्याकडे येऊ. माझं सासर सांगलीचं. तिथलं पाणी कृष्णेचं. नदीतून उपसलेलं पाणी जलशुद्धीकरण केंद्रात येतं तेव्हा पावसाळ्यात ते चहासारखं दिसतं. त्यात तुरटी घालतात. माती इतकी बारीक असते की ती आपोआप तळाला बसत नाही, कण एकमेकांपासून दूर राहतात. तुरटीमुळे ते एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि खाली बसतात. मग वरचं निवळलेलं पाणी वाळूच्या जाड थरातून गाळतात. शेवटी क्लोरीन घालून जंतू मारतात. मुंबईच्या पाण्याचीही हीच पद्धत, फक्त पसारा मोठा. १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी नळाने मुंबईत आलं. नंतर तुळशी, तानसा, वैतरणा, भातसा अशी तलावांची रांग जोडली गेली. भांडुपचं जलशुद्धीकरण संकुल हे आशियातल्या मोठ्या केंद्रांपैकी एक मानलं जातं.

लहान गावातसुद्धा पाण्याकडे लक्ष नसतं असं नाही. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत किंवा टाकीत टीसीएल पावडर टाकतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन पोहोचलं की नाही ते पाहायला ओटी टेस्ट करतात. परीक्षानळीतल्या पाण्यात दोन थेंब टाकले की ते पिवळं होतं. मुलं गावाला गेल्यावर नाक मुरडतात, 'पाण्याला स्विमिंग पूलचा वास येतो!' तो वास हा चांगला निरोप आहे हे त्यांना सांगायला हवं. केंद्रातले जंतू मारून थोडं क्लोरीन मुद्दाम शिल्लक ठेवतात. ते पहारेकऱ्यासारखं पाण्याबरोबर घरापर्यंत येतं. वाटेत एखादा जंतू शिरला तर त्याला गाठतं.

आणि नळ येण्याच्या आधीचं शहाणपणही कमी नव्हतं. गढूळ पाण्यात निवळीची बी उगाळून घालायची. घागरीच्या तोंडाला दुहेरी फडकं बांधून पाणी गाळून घ्यायचं. या फडक्याने एक रोग देशातून घालवायला हात लावला आहे. नारूचा जंत पाण्यातल्या अगदी बारीक किड्यांमधून पोटात जायचा आणि वर्षभराने पायातून दोरीसारखा बाहेर पडायचा. पाणी गाळायची सवय, पायऱ्यांच्या विहिरींत उतरून पाणी न भरणं, आणि गावोगाव फिरणारे आरोग्य कर्मचारी यांच्यामुळे भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये सापडला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. आजी नळाला फडकं बांधते तेव्हा तिच्या आईने पाहिलेला नारू त्या फडक्यामागे असतो. 'आई, हे काय गावठी!' असं आपण मुलांसमोर म्हणतो तेव्हा आपल्याला हे माहीत नसतं.

आपल्या ओमानच्या डोंगरातल्या गावांतही असंच शहाणपण आहे. फलज म्हणजे डोंगराच्या पोटातलं पाणी उताराने गावात आणणारे पाट. त्यातल्या पाचांना युनेस्कोने २००६ मध्ये जागतिक वारसा यादीत घेतलं. पाणी गावात शिरतं तिथे सर्वांत वर प्यायचं पाणी भरायची जागा, त्याच्या खाली अंघोळी-धुण्याची, आणि मग शेती. आपल्या नदीकाठच्या गावात वरच्या अंगाला पिण्याचं पाणी आणि खालच्या अंगाला गुरं, धुणं, असा नेम असायचा तोच हा.

मग प्रश्न उरतोच. केंद्रातून निघताना पाणी चांगलं असतं, तर आपल्या मुलांची पोटं का बिघडतात? याचं उत्तर देताना मी एक स्ट्रॉ घेते आणि तिला मध्ये टाचणीने भोक पाडते. स्ट्रॉमधून जोरात पाणी सोडलं की भोकातून पाणी बाहेर उडतं, आत काही येत नाही. पण स्ट्रॉ ओढायला लागलं की त्याच भोकातून हवा आत येते. शहरातल्या पाइपांचं असंच आहे. जमिनीखालचे पाइप कुठे ना कुठे गळतातच, इथलेही गळतात. पण पाइप चोवीस तास दाबाने भरलेला असेल तर गळती बाहेर होते. आपल्याकडे बहुतेक शहरांत पाणी दिवसातून तास-दोन तास येतं, काही ठिकाणी तर दिवसाआड, आठवड्याने. बाकीचा वेळ पाइप रिकामा असतो. अशा वेळी शेजारच्या गटाराचं पाणी गळक्या सांध्यातून आत शिरतं. पुन्हा नळ आला की ते पहिल्या धारेबरोबर घरात येतं. नळ आल्यावर पहिली बादली झाडांना किंवा सडा टाकायला बाजूला काढायची, हा आजीचा नियम उगाच नव्हता.

म्हणजे गोष्ट नदीची नाही, आजीची नाही, देशाच्या 'घाणे'ची तर नाहीच. गोष्ट पाइपातल्या दाबाची आहे, आणि ती सुधारता येते. कराडजवळच्या मलकापूरने मीटर बसवून गावाला चोवीस तास पाणी देऊन दाखवलं. ज्या छोट्या गावाला जमलं ते मोठ्या शहरांना का जमत नाही, हा प्रश्न आपण मोठ्या माणसांनी विचारायला हवा. पाण्याचे मीटर, पाइपांची देखभाल, नगरपालिकेचा पैसा हे कंटाळवाणे विषय आहेत. पण 'इंडियात पाणीच खराब' असं म्हणून गप्प बसण्यापेक्षा हे विषय केव्हाही बरे.

'घाण' या शब्दाबद्दल मी इतकी हट्टाने का बोलते, तेही सांगते. मराठी भाषेत शुद्ध आणि अशुद्ध हे शब्द पाण्यापुरते कधीच राहिले नाहीत. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. त्यानंतर सवर्ण मंडळींनी तळ्यात पंचगव्य ओतून त्याचं 'शुद्धीकरण' केलं. त्या पाण्यात जंतू वाढले होते का, गाळ आला होता का? काहीच नाही. माणसं बदलली होती, म्हणून पाणी अशुद्ध ठरलं. या एका तळ्यावरच्या हक्कासाठी १९३७ पर्यंत न्यायालयात भांडावं लागलं. म्हणून मला वाटतं, मराठी मुलांना शुद्ध पाणी म्हणजे काय हे सांगताना या शब्दाचा खरा आणि खोटा अर्थ दोन्ही सांगितले पाहिजेत. जंतू आहेत म्हणून पाणी पिऊ नको, हे विज्ञान. अमुक लोक पितात म्हणून पिऊ नको, हे विज्ञान नाही.

हा धोका परदेशातही आहे. आखातात मशिदीबाहेर, कित्येक घरांच्या कुंपणाला लागून, रस्त्यावरच्या कोणालाही प्यायला गार पाण्याचे कूलर बसवलेले असतात. आपली पाणपोई, तसं इथलं सबील. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात बांधकामावरचे मजूर, डिलिव्हरीवाले तिथे थांबून पाणी पितात. एकदा सहलीत एका मुलाने अशा कूलरचं पाणी प्यायला नकार दिला. कारण विचारलं तर म्हणाला, 'तिथे वर्कर्स पितात.' त्या कूलरला आणि त्याच्या घरच्या टाकीला एकाच जाळ्यातलं पाणी येत होतं. त्याने 'फिल्टर कधी बदलला?' असं विचारलं असतं तर मी त्याला शाबासकी दिली असती. आजीच्या घरचं पाणी घाण आणि मजुरांच्या कूलरचं पाणी घाण, ही दोन्ही वाक्यं एकाच मुळातून येतात, आणि ते मूळ आपण घरातच लावतो.

याच ओघात आपल्या परदेशस्थ मंडळींच्या एका आवडत्या भेटीबद्दल. आईवडिलांसाठी आरओ मशीन. सुट्टीत गेलो की पहिल्या दोन दिवसांत दुकानदार घरी येतो, एक छोटं यंत्र पाण्यात बुडवतो, आकडा दाखवतो, आणि मशीन भिंतीवर चढतं. तो आकडा टीडीएसचा, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा असतो. जंतूंबद्दल तो अवाक्षर सांगत नाही. वर सांगितलेलं कोष्टक आठवा: क्षार वेगळे, जंतू वेगळे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार भारतीय मानकांना मान्य आहेत. नदी-धरणाच्या पाण्यात ते सहसा यापेक्षा कमीच असतात. अशा पाण्याला आरओची गरज नसते. गाळणी आणि उकळणं, किंवा जंतू मारणारा अतिनील किरणांचा फिल्टर पुरतो. आरओ मात्र एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर मोरीत सोडतो. ज्या घरात आई पहाटे उठून नळाची वाट बघते त्या घरात हे पाणी वाया जातं. क्षार ५०० च्या आत असतील तिथे आरओवर बंदी घाला, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये सरकारला सांगितलं ते यासाठीच. खाऱ्या बोअरचं पाणी असेल, किंवा चंद्रपूर-यवतमाळच्या काही गावांसारखं फ्लोराइडचं पाणी असेल, तर आरओ जरूर घ्या. पण आधी पाणी तपासून घ्या. आईवडिलांवरचं प्रेम दाखवायला यंत्र हवंच असेल तर ते कामाचं तरी असू दे.

'हे सगळं ठीक, पण मूल आजारी पडलं तर?' असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. म्हणूनच मी 'आजीकडचं नळाचं पाणी बिनधास्त प्या' असं सांगत नाही. आपल्या मुलांच्या पोटांना तिथल्या जंतूंची ओळख नसते, तिथल्या मुलांना थोडीफार असते. शिवाय तिथल्या मुलांनाही टायफॉईड आणि कावीळ होतेच. त्यांचीही पोटं लोखंडाची नाहीत. काळजी घ्यायचीच आहे. फक्त ती कशी घ्यायची आणि तिच्याबद्दल कसं बोलायचं, एवढाच माझा मुद्दा आहे.

पाण्याला खळखळून उकळी फुटली आणि मिनिटभर तशीच राहिली की जंतू मरतात. अर्धा तास गॅस जाळायची गरज नाही. मग ते पाणी स्वच्छ भांड्यात झाकून ठेवायचं आणि आत हात न बुडवता ओगराळ्याने घ्यायचं. हे काम मुलांनाच द्या. रोज रात्री नातवाने आजीबरोबर पाणी उकळायचं आणि सकाळी माठात भरायचं. बाहेरून सीलबंद बाटल्यांचा खोका आणला की आजीला न बोलता कळतं, आपल्या घरचं पाणी आता नातवाला चालत नाही. तिच्या माठातलं उकळलेलं पाणी दोघांनी प्यायलं की असं काही वाटायचं कारणच उरत नाही.

बॅगा भरायच्या आधी, इथे असतानाच, दोन प्रयोग करून बघा. एक: बागेतली मूठभर माती काचेच्या बरणीभर पाण्यात ढवळा, तुरटीचा खडा चार-पाच वेळा फिरवा आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. मुलांना गाळ खाली बसताना दिसेल. त्यांना सांगा, हे पाणी निवळलं, पण अजून प्यायचं नाही, कारण जंतू शिल्लक आहेत. दोन: मोठ्या पातेल्यात मिठाचं पाणी घ्या, मधोमध रिकामी वाटी ठेवा, वरून प्लॅस्टिक घट्ट बांधा आणि वाटीच्या वर एक खडा ठेवा. मस्कतचं ऊन फुकट आहे. संध्याकाळी वाटीत जमलेले दोन-चार चमचे पाणी चाखू द्या. दिवसभराच्या उन्हातून एवढंसंच पाणी मिळालं हे बघितल्यावर दात घासताना नळ बंद करायला वेगळं सांगावं लागत नाही, हा माझा वर्गातला अनुभव आहे.

सुट्टीत जमलं तर गावच्या जलशुद्धीकरण केंद्रात परवानगी काढून मुलांना एक चक्कर मारून आणा. मॉल त्यांनी भरपूर पाहिलेत. तिथले कर्मचारी कौतुकाने दाखवतात, कारण त्यांच्याकडे कोणी कधी जातच नाही. तुरटीची पोती, वाळूचे हौद, क्लोरीनच्या टाक्या बघितल्या की मुलांना एक गोष्ट कायमची कळते: शुद्ध पाणी कुठल्याच देशात आपोआप मिळत नाही. ते कोणीतरी रोज शुद्ध करतं. मस्कतला समुद्रापासून, सांगलीला कृष्णेपासून, आणि आजीच्या घरी एका दुहेरी फडक्यापासून.

तेव्हा या वर्षीच्या सूचनांच्या यादीत फक्त एक वाक्य बदलूया. 'तिकडचं पाणी घाण आहे, पिऊ नकोस' याऐवजी म्हणूया, 'तिकडे पाइप दिवसभर भरलेला नसतो, म्हणून आपण पाणी उकळून पिऊ. उकळायला आजीला मदत कर.' मूल तेवढंच सुरक्षित राहील, आणि आजीला वाईट वाटणार नाही.